ताई, दुखण्याची वही पाठवतोय

सातारा,
महाशिवरात्रीचा दुसरा दिवस

चि. सौ. ताईस,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री दोन वाजता धाकट्याने मला गाडीत घालून दवाखान्यात नेलं, हे तुला कळलं दुसऱ्या दिवशी दुपारी. तेही तुझ्या आईच्या तोंडून निसटलं म्हणून. मग तू फोनवर जे बोललीस ते माझ्या डोक्यातून जात नाही. "दिवाळीत मी त्याच घरात होते अण्णा, आणि मला दिसलं नाही. आता परत तेच." एवढं बोलून तू रडायला लागलीस आणि मला, तुझ्या बापाला, पुढं काही सुचेना. म्हणून हे पत्र लिहायला घेतलं.

आधी परवाचं सांगतो, तुझा जीव त्यातच अडकला असणार. ईसीजी दोनदा काढला. हृदयाला इजा झाली की रक्तात वाढतं त्या ट्रोपोनिनची तपासणी काही तासांच्या अंतराने दोनदा केली. सकाळी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला. हृदयाचं काही नाही. ताप नव्हता, सीआरपी (अंगात सूज किंवा जंतू आहे का ते दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल, जखम कोरडी. दुखलं ते नसेमुळे. त्याचं पुढं लिहितो.

आता दिवाळी. तुला दिसलं नाही, कारण मी दिसू दिलं नाही. हे मी अजून कुणाला नीट सांगितलेलं नाही, आईलासुद्धा तुकड्या-तुकड्यानेच कळलंय.

बायपासचं ऑपरेशन दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी झालं, आठवड्याने घरी आलो. वसुबारसेला सकाळी उठलो तर बनियनवर छातीच्या मधोमध, टाक्यांच्या खालच्या टोकाशी, रुपयाएवढा ओला डाग. फिकट, पिवळट-गुलाबी. वास नव्हता. आदल्या दिवशी मी बंबाचं पाणी काढून अर्धी बादली न्हाणीत नेली होती. दोन-अडीच किलोच्या वर काही उचलायचं नाही असं डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं, आईनेही रोज बजावलं होतं. मला वाटलं, मीच टाका तोडला. फार लाज वाटली. आणि दुसऱ्या दिवशी तू पिल्लूला घेऊन येणार होतीस, त्याची पहिली दिवाळी. मी रुमालाची चौघडी करून बनियनच्या आत ठेवली. जखमेवर हळद दाबली. बनियन रात्री सगळे झोपल्यावर धुवायचो आणि मागच्या दोरीवर टॉवेलखाली वाळत टाकायचो.

पाडव्याला तू मला ओवाळलंस. पिल्लू माझ्याकडे झेपावलं आणि मी हात आखडते घेतले. तू म्हणालीस, "बरोबर आहे अण्णा, उचलू नकाच त्याला." ताई, मी त्याला घेतलं नाही ते डाग दिसेल म्हणून.

त्याच रात्री कूस बदलताना छातीत खट् झालं. ऐकू आलं, आणि हाताला लागलंही. एकतीस वर्षं मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढली. यू-बोल्ट सैल झाला की पाट्याचा आवाज कसा येतो हे मला डोळे मिटून कळतं. आपल्या छातीत प्ले आलाय, म्हणजे जोड सैल झालाय, हे मला त्या क्षणी कळलं. तरी मी भाऊबीज होऊ दिली. तू संध्याकाळच्या गाडीने गेलीस आणि नऊ वाजता मला हुडहुडी भरली. ताप १०२.

तू म्हणतेस तुला दिसायला हवं होतं. लपवणारा घरातला कर्ता माणूस असला की घरातल्यांनी काय काय तपासत बसायचं? यात तुझा दोष तिळभरही नाही. परत तसं मनात आणू नकोस.

पुण्याला जाताना उशी छातीशी घट्ट धरली होती, खोकताना धरायला शिकवली होती तीच. खंबाटकीचा बोगदा संपल्यावरच्या त्या वळणावर गाडी कलंडली तेव्हा हाडाचे दोन्ही काठ एकमेकांवर घासलेले मला जाणवले. धाकटा गाडी चालवत होता. त्याच्या मानेवरचा घाम मला मागून दिसत होता.

तिथे डॉक्टरांनी जे समजावलं ते तुलाही कळावं म्हणून लिहितो. बायपास करताना छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि शेवटी स्टीलच्या तारांनी आवळून बांधतात. माझ्या सात तारा होत्या. हाड धरायला दोन-तीन महिने लागतात, तोवर सगळा भार त्या तारांवर. माझ्यासारख्या मधुमेहाच्या माणसाला तिथे जंतू धरण्याचा धोका जास्त. साखर चढलेली असली की जखम भरत नाही आणि जंतूंचं फावतं. दाखल झालो तेव्हा माझी साखर २८६ होती. फराळही होताच त्यात. पू तपासायला पाठवला, कल्चरचा रिपोर्ट यायला तीन दिवस लागले. निघाला तो स्टॅफिलोकोकस ऑरियस. तो कितीतरी धडधाकट माणसांच्या नाकात, कातडीवर मुक्कामाला असतो, काही करत नाही. आत हाडापर्यंत पोचला की मात्र सोडत नाही. तारेवर तो स्वतःभोवती बुळबुळीत थर धरतो आणि त्या थरात औषध नीट शिरत नाही. म्हणून नुसत्या इंजेक्शनवर भागलं नाही, पुन्हा उघडून तारा काढाव्या लागल्या, खराब हाड खरवडावं लागलं. माझी हळदही धुऊन काढावी लागली. बाकी तिचे गुण असतील ते असोत, उघड्या जखमेत तिने आधी घाणच केली.

मी डॉक्टरांना बादलीचं विचारलं. ते म्हणाले, टाका बादलीने तुटला की आतल्या जंतूने सैल झाला, हे आता कुणी सांगू शकत नाही. मग म्हणाले, "पण पहिल्या डागाला आला असतात तर कदाचित वरच्यावर निभावलं असतं." हे वाक्य माझ्या उशाशी अजून आहे.

नंतरचे बारा दिवस छाती उघडी होती. आत काळा स्पंज, वर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा, त्यातून नळी, नळीला हवा ओढणारं यंत्र. दर दोन-तीन दिवसांनी स्पंज बदलायचा. तू व्हिडिओ कॉल केलास की मी चादर गळ्यापर्यंत ओढायचो आणि यंत्राचा आवाज येऊ नये म्हणून टीव्ही लावायला सांगायचो. हेही लपवणंच झालं. जखम लाल आणि स्वच्छ दिसायला लागली तेव्हा दोन्ही बाजूंचे छातीचे स्नायू मोकळे करून मधे आणून शिवले. आता माझ्या छातीत तार नाही, मधे मांस आहे. कधी कधी अजून खट् वाजतं. डॉक्टरांना ते माहीत आहे, त्यांनी हाताने तपासलंय.

सलाईनमधून अँटिबायोटिक सहा आठवडे चाललं. व्हॅन्कोमायसिन हे औषध तास-दीड तास लावून हळूहळू द्यावं लागतं. एकदा घाईत सोडलं गेलं तर मान आणि कान लालभडक होऊन अंगभर खाज सुटली. वेग कमी केला, थांबली. मूत्रपिंडावर ताण येतो म्हणून क्रिएटिनिन सारखं तपासायचे. चौथ्या आठवड्यात मला अगदी बरं वाटायला लागलं आणि मी आईजवळ हट्ट धरला की आता बस, घरी चला. तिने ऐकलं नाही. ती म्हणाली, "जंतू गेलाय का ते तुम्हाला कसं कळणार?" खरं होतं.

आता दुखण्याचं. परवा तू विचारलंस, "दुखलं की घाबरायचं कधी?" तेव्हा मी काहीतरी गुळमुळीत बोललो. नीट सांगतो. पाच महिन्यांत मला चार वेगळी दुखणी ओळखू यायला लागली आहेत.

ऑपरेशनच्या आधीचं दुखणं तुला आठवत असेल. अजिंक्यतारा अर्धा चढलो की छातीवर कुणी गुडघा टेकवून बसल्यासारखं व्हायचं, ते जबड्यात आणि डाव्या दंडात उतरायचं, थांबलो की पाच मिनिटांत जायचं. ते खरं हृदयाचं. बायपासनंतर ते मला एकदाही झालेलं नाही. झालं तर मी खाली बसणार, जिभेखाली गोळी ठेवणार आणि आधी १०८ ला फोन लावायला सांगणार. तुला त्यानंतर.

हाडाचं दुखणं वेगळं. ते बोट ठेवून दाखवता येतं. खोकलं, शिंकलं, पलंगावरून सरळ उठलं की सणक येते. म्हणून मी अजून कुशीवर वळून, पाय खाली सोडून उठतो. हे रोज थोडं थोडं कमी होत गेलं पाहिजे. कमी होता होता अचानक वाढलं, नवा खट् आला, ओल दिसली, संध्याकाळी अंग कसकसलं, तर ते माझं दिवाळीतलं दुखणं आहे असं समजून त्याच दिवशी निघायचं. सकाळची वाट बघायची नाही.

तिसरं मी शेजारच्या खाटेवर बघितलं. इस्लामपूरकडचे एक गृहस्थ, ऑपरेशनला तीन आठवडे झालेले. आडवं झालं की छातीत कापल्यासारखं व्हायचं, मोठा श्वास घेता यायचा नाही. उशी मांडीवर घेऊन पुढं वाकून बसले की उतरायचं. बिचारे दोन रात्री तसेच बसून झोपले. हृदयाभोवतीच्या आवरणाला सूज आली होती, पाणी धरलं होतं. जंतू नव्हता. सूज उतरायच्या गोळ्यांनी आठवड्यात हसायला लागले.

आणि चौथं माझं परवाचं. डाव्या बाजूला, छातीच्या आतून जाणारी एक रक्तवाहिनी काढून हृदयाला जोडलेली असते. ती सोडवताना बरगड्यांमधल्या बारीक नसा दुखावतात. तिथली कातडी आधी बधिर होती. आता जागी होतेय, तर आग होते. शर्टाची घडी घासली तरी मिरची लावल्यासारखं. परवा रात्री विजेचा झटका बसावा तशी कळ आली आणि मी ओरडलो. आता त्यासाठी रात्रीची एक गोळी सुरू केली आहे. दोन रात्री बरी झोप लागली.

दुखण्याइतकाच भीतीचा त्रास होतो. दुपारी तीनच्या सुमाराला उगाच रडू येतं, कारण काही नसतं. श्वास ओढून आतले तीन गोळे वर न्यायचं, फुप्फुसांच्या व्यायामाचं यंत्र हातात घेतो, दोन गोळे वर जातात, तिसरा जात नाही, आणि डोळे भरतात. मोठ्या ऑपरेशननंतर बऱ्याच जणांना असं होतं आणि त्यावरही उपचार असतो, असं डॉक्टर म्हणाले. पुढच्या वेळी मी ते विचारणार आहे.

पेपरात वाचलं होतं, आपल्या देशातली पहिली बायपास डॉ. चेरियन यांनी १९७५ साली मद्रासला पेरांबूरच्या रेल्वे हॉस्पिटलात केली. मी तेव्हा सहावीत होतो. आपल्या आळीत त्या काळी लोक छातीत कळ आली म्हणून अंगणात बसायचे आणि तिथेच जायचे. माझ्या आजोबांचं तसंच झालं. मला उठून चालायला मिळालंय, चार भिंती स्मारकापर्यंत तरी सकाळी जातो, मग हे मिळालेलं मी लपवालपवीत घालवणार नाही.

डिस्चार्जपासून मी एक वही ठेवली आहे. रोजचा ताप, उपाशी पोटाची साखर, जखम कशी, कुठं दुखलं, कशाने वाढलं, कशाने थांबलं. तिच्या सगळ्या पानांचे फोटो धाकटा तुला आज पाठवेल, आणि यापुढं रोज सकाळी मी स्वतः पाठवीन. चांगलं असलं तरी, वाईट असलं तरी. रात्री दोनला काही झालं तर रात्री दोनला फोन येईल. तू लगेच निघायचं नाहीस, एवढं मात्र ऐक. आधी काय झालंय ते विचारायचं.

तसंच तूही. बाळंतपणात तुझी साखर वाढली होती, नंतरची तपासणी केलीस का, हे मी दोनदा विचारलं आणि दोनदा तू पिल्लूचा विषय काढलास. मी तुझा बाप आहे, मला ती वाट चांगली ठाऊक आहे. या आठवड्यात रक्त देऊन ये आणि आकडा मला कळव.

होळीला येशील तेव्हा पिल्लूला उचलून नको देऊस. मी खाली सतरंजीवर बसतो, मांडीवर उशी घेतो, तू त्याला समोर सोड. तो आपण होऊन चढेल.

जावईबापूंना नमस्कार. पिल्लूला गोड पापा.

तुझा,
अण्णा

ता. क. आजचं पान: सकाळी ताप ९८.२. उपाशी साखर १२४. जखम कोरडी, खालच्या टोकाला खाज. डावीकडे आग दुपारपर्यंत, सुती बनियन उलटा घातल्यावर कमी. खट् एकदा, दात घासताना. तिसरा गोळा अर्ध्यापर्यंत.