ग्वास्ताविनोंचे पातळ घुमट

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. सेंट्रिंगशिवाय, म्हणजे खालून तात्पुरता साचा न लावता, घुमट उभा कसा राहतो, असं तू विचारलं होतंस. त्यासाठी राफाएल ग्वास्ताविनो यांचं काम नीट बघ. हे मूळचे स्पेनमधल्या वालेन्सियाचे. 1881 मध्ये धाकट्या मुलाला घेऊन न्यूयॉर्कला गेले. शिकागो आणि बॉस्टनच्या मोठ्या आगींनंतर अमेरिकेत न जळणारी छतं हवी होती, आणि यांना स्पेनच्याच कातालोनियातल्या गवंड्यांची पातळ टाइलचे थर चिकटवून घुमट बांधायची जुनी रीत ठाऊक होती.

सगळी कसोटी पहिल्या थराची. सुमारे 15 बाय 30 सेंटिमीटरची, इंचभर जाडीची भाजलेली टाइल घ्यायची, कडांना प्लास्टर ऑफ पॅरिस लावायचं, शेजारच्या टाइलला भिडवायची आणि प्लास्टर आवळेपर्यंत हातानं धरून ठेवायची. प्लास्टर थोडं थोडंच कालवावं लागतं, नाहीतर घमेल्यातच दगड होतो. ओलीनं ते कमजोर पडतं, म्हणून वरचे थर पोर्टलंड सिमेंटच्या मसाल्यात, सांध्यावर सांधा येणार नाही असे. गोल घुमटात एक वेढा पुरा झाला की तो स्वतःला सावरून धरतो. 1909 मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन कॅथीड्रलचा घुमट मुलानं असाच चढवला. कारागीर आदल्या दिवशीच्या कामावर उभे राहून पुढचा वेढा लावत.

मसाल्यानं सगळं एकजीव होतं, म्हणून बाजूला रेटा जवळजवळ येतच नाही, असं वडील ग्वास्ताविनोंचं मत होतं. ते मला पटत नाही. ताकद वक्रतेची आहे. वजन कमी म्हणून रेटा कमी, पण तो असतोच, आणि बांधताना त्यांनी स्वतः बुडाशी लोखंड घातलंच. तरी हा माणूस मला फार मोठा वाटतो. गवंड्याच्या हातातली विद्या त्यांनी यंत्रावर नमुने मोडून मोजली आणि 1892 मध्ये तिच्यावर निबंध छापला.

मॅसॅच्युसेट्समधल्या वूबर्नला त्यांचा टाइलचा कारखाना होता. वडील 1908 मध्ये वारले. पुढे मुलानं हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांच्याबरोबर आवाज शोषणारी टाइल काढली, अकूस्टोलिथ. प्यूमिस या हलक्या, सच्छिद्र ज्वालामुखी दगडाचे चाळून एकसारखे केलेले कण, त्यांना जेमतेम सांधेल एवढंच सिमेंट. बारीक चूर राहिला किंवा सिमेंट जास्त झालं तर छिद्रं बुजतात आणि आवाज पुन्हा घुमतो. रंगानंही तेच होतं. जुन्या इमारतीत ही टाइल भेटली आणि प्रतिध्वनी त्रास देत असेल, तर आधी तिच्यावर कुणी रंगाचा हात फिरवलाय का ते बघ.

तुझा मित्र