चव्वेचाळीस दिवसांचा हिशेब

सांगली, 2 मे

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

पोहोचल्याचा मेसेज बाबांना आला, मला नाही. म्हणजे स्टँडवरचा राग अजून गेलेला नाही. गाडी लागलेली असताना, सगळ्यांसमोर, "एवढं होणार नाही" असं मी म्हणायला नको होतं. त्याबद्दल वाईट वाटतंय. आकड्याबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही, म्हणून लिहायला बसले. एकच ठरवलंय, दिवाळीतल्या त्या गोष्टीबद्दल लिहायचं नाही.

सुट्टीत आजीच्या घरी बसून लिहायच्या कादंबरीचा हिशेब तुझ्या वहीत पहिल्या पानावर 44 दिवस, रोज 1,500 शब्द, एकूण 66,000 असा आहे. या गुणाकारात मोकळा दिवस एकही नाही. आजीचं घर दोन वर्षं बंद होतं. झाडलोट, पंप, उंदीर यात पहिले तीन दिवस जातील. ताईच्या नणंदेच्या मुलीच्या लग्नाला तू येणारच, ते तीन. शेवटचे चार दिवस सगळं सलग वाचायला आणि आवरायला हवेत. घर शाकारायला गडी येतील त्या दिवशी डोक्यावर ठोकाठोकी असणार, तो दिवसही धरू नकोस. उरले 33. त्यातून आठवड्याची एक सुट्टी काढली की 28. तुझा वेग तुला ठाऊक आहे, सकाळच्या तीन तासांत आठ-साडेआठशे. त्याहून जास्त लिहिलंस की दुसऱ्या दिवशी त्यातलं निम्मं खोडतोस. 28 गुणिले 850 म्हणजे जवळपास 24,000. छापील पान 300 शब्दांचं धरलं तर 80 पानं. एका उन्हाळ्यात कादंबरीची 80 पानं हे फार मोठं काम आहे, मनू. खरंच फार मोठं.

आणि ते 1,500 आले कुठून? अमेरिकेत 1999 साली काही जणांनी एका महिन्यात 50,000 शब्द लिहायचा उपक्रम सुरू केला, पुढच्या वर्षीपासून तो नोव्हेंबरात व्हायला लागला. त्याचे रोजचे 1,667 होतात, आणि तोच आकडा जगभर फिरला. तो चालवणारी संस्था 2025 साली बंद झाली, आकडा मात्र राहिला. पण तो इंग्रजीचा आहे. आपली विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात. "आजीच्या घरासमोरच्या अंगणात" हे आपले तीन शब्द, इंग्रजीत तेवढ्यालाच सात-आठ लागतात. त्यांच्या मापाने स्वतःला मोजलंस तर रोजच कमी पडशील. आणि कमी पडलास की तू काय करतोस ते मला माहीत आहे.

चौथीत असताना किराणा दुकानातून आलेल्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर तू सुट्टीचं वेळापत्रक केलं होतंस. स्केचपेनने, चार रंगांत. पाचला उठणे, सूर्यनमस्कार 25, शुद्धलेखन, पोहणे, पाढे तीसपर्यंत. चौथ्या दिवशी सातला उठलास आणि ते भिंतीवरून ओढून फाडलंस. मग दुपारभर माळ्यावर रडत होतास. बाबा म्हणाले, अरे, एक ओळ चुकली तर तेवढी ओळ खोडायची. तू म्हणालास, आता सगळंच खोटं झालं.

मला त्याचीच भीती वाटते. लिहायचं नव्हतं, पण आलं. फाडू नकोस. वाईट झालं असलं तरी फाडू नकोस.

तुझ्यासाठी नोकरीवाल्याचाच दाखला देते. इंग्लंडचा कादंबरीकार अँथनी ट्रॉलप टपाल खात्यात होता. पहाटे साडेपाच ते साडेआठ घड्याळ समोर ठेवून लिहायचा, पाव तासाला 250 शब्द. सगळे एवढंच सांगतात. पण त्याच्या आत्मचरित्रातली मला महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. तो डायरी आखायचा ती आठवड्यांची. पान म्हणजे 250 शब्द असं त्याने पक्कं ठरवलं होतं. सरासरी आठवड्याला 40 पानं, पण कधी 20 आणि कधी 112. इतका शिस्तीचा माणूस, तरी 20 आणि 112 दोन्ही त्याच डायरीत आहेत. आणि तीन तासांतला पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचं वाचण्यात जायचा. तूही तुझा हिशेब आठवड्याचा ठेव, 5,000 च्या आसपास. मंगळवारची तूट बुधवारवर चढवायची नाही. 850 चे 1,700 होतात, त्याचे 2,550, आणि चौथ्या दिवशी वहीच उघडाविशी वाटत नाही. वाईट दिवशी 200 शब्द पुरेत, म्हणजे धागा तुटत नाही.

शब्द मोजण्यापेक्षा प्रसंग मोजलेस तर जास्त बरं. शब्दसंख्या फसवते. संवादाचं पान भराभर वाढतं आणि काटछाटीच्या दिवशी आकडा उलटा जातो, म्हणजे सगळ्यात चांगलं काम झालेला दिवस वहीत सगळ्यात वाईट दिसतो. 24,000 शब्दांत साधारण 22 प्रसंग बसतील. बाविसांच्या चिठ्ठ्या कर. प्रत्येकीवर तीनच ओळी: कोण, कुठे, आणि प्रसंगाच्या शेवटी काय बदललं. तिसरी ओळ सुचत नसेल तर तो प्रसंग अजून पिकलेला नाही, दुसरी चिठ्ठी घे. क्रमाने लिहिलं पाहिजे असं काही नाही. आणि उठताना पुढचं वाक्य माहीत असतानाच ऊठ. हेमिंग्वेचा हा सल्ला तूच मला वाचून दाखवला होतास.

तिसऱ्या आठवड्यात अडशील. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या कादंबऱ्यांची प्रुफं वाचली. बहुतेकांची तीच जागा असते, आठ-दहा हजार शब्दांच्या पुढे. माणसं ओळखीची झालेली असतात, गाव रंगवून झालेलं असतं, आणि आता कुणाच्या तरी वाटेत काहीतरी आडवं यायला हवं असतं. ते सुचत नाही म्हणून लेखक मागे वळतो आणि पहिलं प्रकरण घासत बसतो. तुझं पहिलं प्रकरण तू अकरा वेळा लिहिलंस. तेव्हा या सुट्टीत मागे जायचं नाही. एक वेगळी दुरुस्त्यांची वही कर. "प्रकरण 2, काकाचं वय 52 नव्हे 47" एवढं टिपायचं आणि पुढे जायचं. नाव बदलावंसं वाटलं तर आजच्या पानापासून नवं नाव, मागचं नंतर. गिरणीच्या संपाची तारीख आठवत नसेल तर चौकटी कंसात "तपासणे" लिही. त्यासाठी नेट उघडलंस की सकाळ गेली. शोधाशोध दुपारी, जेवून. त्या उकाड्यात नाहीतरी लिहून होत नाही.

मी शिकवायला लागले, नाही का. तू स्वतः कॉलेजात शिकवतोस. माफ कर.

पण हे कुणालाही सांगितलं नसतं. चांगलं वाक्य आलं की प्रुफं वाचताना पेन्सिल आपोआप थांबते, चुकीसाठी नव्हे. तुझ्या तिसऱ्या प्रकरणात, ती म्हातारी राहाटाजवळ बसून दोराच्या गाठी मोजते तिथे, माझी चार वेळा थांबली. बाबांना उठवून वाचून दाखवलं. ते प्रकरणही तू फाडलेल्या त्या 112 पानांत गेलं. धनत्रयोदशीच्या रात्री तू झोपलास, तेव्हा बाबांनी ती पानं रद्दीतून उचलली. पिशवीत भरून माळ्यावर ठेवली आहेत. बरीच चार तुकड्यांत आहेत, जुळतील. तुला सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं. मागशील तेव्हा देऊ, नाही मागितलंस तरी चालेल.

म्हणून एक मागणं माझं. आठवड्याचं काम झालं की त्या रात्री फाइल मला मेल कर. मी उघडणार नाही, शब्द देते. नुसती दुसरीकडे असू दे. नावात तारीख घाल आणि दर आठवड्याला नवी प्रत कर, जुनीवर चढवू नकोस. म्हणजे तुझ्याकडची गेली तरी, कशानेही गेली तरी, माझ्याकडे राहील. मे संपता संपता वळवाचा पाऊस येतो, वीज जाते, एकदा गेली की तुमच्या वाडीत दुसऱ्या दिवसापर्यंत येत नाही. लॅपटॉप रात्रीच पूर्ण चार्ज करून ठेव. हाताने लिहिलंस तर फुलस्केपच्या एकाच बाजूला लिही, पानाला क्रमांक घाल. मृगाच्या आधीपासूनच हवा दमट होते, कागद फुगतो आणि शाई पसरते, तेव्हा लिहिलेली पानं आजीच्या लोखंडी ट्रंकेत ठेव. किल्ली देव्हाऱ्याच्या खणात आहे.

जून 11 ते 14 फक्त वाच. हातात पेन घेऊ नकोस. तेच चार दिवस मला सगळ्यात जास्त छळतात. सलग वाचताना पहिला मसुदा नेहमीच पडका वाटतो, अगदी नावाजलेल्यांचाही. मी तो पाहिलाय, वाचकांनी नाही. त्या दिवसांत एकटा राहू नकोस. लग्नाहून परतताना ताई बरोबर यायला तयार आहे, की बाबा येऊन राहू देत? ते बोलत नाहीत, विहिरीवर बसून राहतील. तू हो म्हण.

उद्याच्या गाडीने डबा पाठवते आहे, मेतकूट, कुळथाचं पीठ आणि दोन रजिस्टरं. कंडक्टरला साखरप्याला उतरवून ठेवायला सांगितलंय, बंड्याकाकांना तो घेऊन यायला सांग.

पहिल्या आठवड्याचा आकडा कळव. तीन दिवस झाडण्यात गेले तर 1,200 भरला तरी कळव. आणि मला कळव, बाबांना नाही.

तुझी
आई