तांबडीनं लगाम घेतला

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तांबडीनं परवा लगाम घेतला. मान झटकली नाही, चावायला धावली नाही. फोनवर सांगितलं असतं, पण पुढचं जे सांगायचं आहे ते फोनवर माझ्या तोंडून निघत नाही.

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारातून आणली तेव्हापासून सगळे म्हणत, घोडी खोडीची आहे. मीही तेच धरून चाललो. लगाम दिसला की डोकं आभाळात. मी दोर ओढला, चाबूक मारला. होळीला आलास तेव्हा तू ते पाहिलंस आणि अर्ध्या ताटावरून उठलास.

तू गेल्यावर ढोरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी जबडा उघडून आत बॅटरी मारली. वरच्या दाढांच्या अगदी पुढं हरभऱ्याएवढा एक जादा दात होता. लगामाची कडी नेमकी त्यावर लागायची. गुंगीचं इंजेक्शन देऊन त्यांनी तो उपटला आणि माझ्या तळहातावर ठेवला. एवढासा दात, आणि मी तीन महिने तिला मारत होतो.

जखम भरेपर्यंत लगामाचं नाव काढलं नाही, नुसता खरारा केला. मग वावरात नेऊन दोराला हलका ताण द्यायचो. तिनं एक पाऊल टाकलं की त्याच क्षणी ढिला सोडायचो. बरोबर केलं हे तिला त्या सुटण्यातून कळतं. सोडायला उशीर झाला की सगळं वाया. कान मागं पडले की थांबायचं. ओठ चाटू लागली, तोंड चाळवू लागली, की जीव निवांत झाला समजायचं. धुऱ्यावरची ताडपत्री डावीकडून ओळखीची झाली तरी उजवीकडून ती पुन्हा बुजायची. तिथं परत पहिल्यापासून.

नववीत तू वसतिगृहातून पळून आला होतास. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत मीच तुला परत बसवलं. का आलास, हे विचारलं नाही. तुझी आई रात्रभर म्हणत होती, पोराला विचारा तरी. मी पोरगं हट्टी आहे म्हणालो. तो दात कोनाड्यात ठेवला आहे, दिसला की ती एसटी आठवते. माझं चुकलं, बाळा. सांगावंसं वाटलं तर आता सांग, मी ऐकेन.

पोळ्याला ये. कोठ्यात शिरण्याआधी तिला हाक दे आणि बाजूनं ये. थेट मागचं तिला दिसत नाही.

तुझा,
बाबा