सरेंडर झालं, आता गावाला विचारा : गडचिरोलीतून मुख्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. देवेंद्रजी फडणवीस साहेब,
मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य आणि पालकमंत्री, गडचिरोली

सेवा जोहार.

साहेब, आधी अभिनंदन, आणि हे तोंडदेखलं नाही. 1 जानेवारी 2025 ला नक्षल नेता तारक्का आणि सोबत दहा जण, मग त्याच वर्षी 15 ऑक्टोबरला नक्षल्यांचा मोठा नेता भूपती आणि त्याच्यासोबत 60 जण तुमच्यासमोर शस्त्र टाकून आले. 1 मे 2019 ला जांभुळखेड्याला नक्षल्यांच्या स्फोटात आपले 15 जवान आणि गाडीचा ड्रायव्हर गेला, ती बातमी ज्यांनी इथं बसून ऐकली त्यांना ह्या दोन तारखांची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

पण कार्यक्रम संपतो, मांडव निघतो, आणि मग जे सुरू होतं ते कोणत्याच चॅनेलवर दिसत नाही. मी सेतूवाला माणूस, दाखले काढून देतो, म्हणून मला ते दिसतं. मागे एक बाई आली होती, वयात यायच्या आधीच दलममध्ये, म्हणजे नक्षल्यांच्या बंदूकधारी तुकडीत, गेलेली, आता सरेंडर. आधारला अंगठा मॅच होईना, शाळेची टीसी नाही कारण शाळाच अर्धवट सुटली, जातीचा दाखला काढायचा तर बापाचे कागद गावात आणि गावात जायची हिंमत नाही. डोमिसाईलला सलग 15 वर्षं महाराष्ट्रात राहिल्याचा पुरावा लागतो, आणि बाई तेवढी वर्षं अबुझमाडात, म्हणजे छत्तीसगडच्या जंगलात. आता ह्याचा पुरावा कोण देणार, सांगा! पोलिसांकडे तिची सगळी कुंडली आहे, कोणत्या साली कुठं होती, कोणत्या दलमला होती, सगळं, पण तो कागद तहसीलमध्ये चालत नाही. एक परिपत्रक काढा साहेब, की सरेंडरच्या नोंदीवरून हे दाखले मिळतील. एवढं झालं तरी अर्धी वणवण वाचेल.

पोलिसांनी केलं नाही असं मी म्हणणार नाही, उलट जे झालं ते त्यांनीच केलं. दादालोरा खिडकीतून, म्हणजे पोलिसांच्याच मदत खिडकीतून, योजनांचे फॉर्म भरून दिले, सरेंडर झालेल्यांना फिनाईल बनवायचं ट्रेनिंग दिलं, काहींना कोनसरीच्या कारखान्यात कामाला लावलं. आणि एक गोष्ट फार कमी लोक बोलतात, दलममध्ये लग्न करायचं तर आधी पुरुषाची नसबंदी करायचे, ती ऑपरेशनं उलटी करून द्यायची सोय ह्याच लोकांनी केली, त्यानंतर कित्येकांच्या घरी लेकरं झाली. ह्याच्यापेक्षा मोठं पुनर्वसन मला तरी माहीत नाही.

अडचण अशी आहे की सगळंच पोलीस करतात. घर पोलिसांकडून, नोकरी पोलिसांकडून, दवाखाना पोलिसांकडून, मग गावाच्या नजरेत तो माणूस जन्मभर पोलिसांचाच राहतो. 2005 ला राज्याची ही सरेंडरची योजना आली तेव्हा ते बरोबरच होतं, परत गावात गेला की मारतील ही भीती खरी होती, म्हणून गडचिरोलीजवळ वेगळी वसाहत करावी लागली. पण आता तुम्हीच सांगता की नक्षलवाद संपत आलाय, केंद्राने तर तो संपवायला 31 मार्च 2026 ची तारीखच देऊन टाकली होती, मग वसाहतीतून गावापर्यंतचा रस्ता कधी करणार? केंद्राच्या योजनेत मोठ्या कॅडरला 5 लाख, खालच्याला अडीच लाख, ट्रेनिंगच्या काळात तीन वर्षं महिन्याला पैसे. चौथ्या वर्षी काय, हे मला कोणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नसतं.

आता दुसरी बाजू, जिच्यावर बोलायला सगळेच कचरतात. ज्या घरातला माणूस खबरी म्हणून रात्री उठवून नेला आणि सकाळी रस्त्यावर मिळाला, बाजूला लाल पत्रक, त्या घरातली बाई पण माझ्याकडे येते. ती भांडत नाही, फक्त विचारते की मारणाऱ्यांच्या गटातला आला तर त्याला लाखो आणि नोकरी, माझं पोट्टं बारावी होऊन घरी बसलंय, त्याचं काय. ह्या बाईला डावलून तुम्ही कितीही मेळावे घ्या, सरेंडर झालेला माणूस त्या गावात पाय ठेवू शकत नाही, आणि ठेवू पण नये असं मी म्हणेन. नक्षलपीडित कुटुंबाची मदत आणि नोकरी आधी सुटली पाहिजे, निदान दोघांची एकाच वेळी तरी.

आणि हे सगळं जमवून आणायची जागा आपल्याकडे आधीच आहे, ग्रामसभा. मेंढा लेखाला 2009 मध्ये देशात पहिल्यांदा सामूहिक वनहक्क मिळाला, तो ग्रामसभेच्या जोरावर. तेंदूपत्ता, बांबू विकून आमच्या ग्रामसभा हिशोब ठेवतात. नक्षल्यांना गावबंदी करायची होती तेव्हा प्रशासन ग्रामसभेचे ठराव मागत फिरत होतं, मग गावबंदीचा ठराव चालतो तर सरेंडर झालेल्याला गावात परत घ्यायचा ठराव का चालू नये? पोलीस ठाण्यात नाही, गावात, गोंडीत बसून बोलू द्या, गायता, पाटील, पीडित घरातले, बचत गटाच्या बाया, सगळे. गाव नाही म्हणालं तर नाही. वेळ लागेल.

गावावर भरवसा ठेवायचा म्हटलं की मात्र सरकारचा हात आखडतो. मोहगावच्या ग्रामसभेने 2019 ला गोंडी माध्यमाची शाळा काढली, तर शिक्षण विभागाने ती अनधिकृत ठरवली. तोडगट्ट्याला 2023 मध्ये लोक महिनोन्महिने शांतपणे खाणींच्या विरोधात बसले, त्यांच्याकडे पण संशयानेच बघितलं. संविधान मानून परत या असं आपण नक्षल्यांना सांगतो, त्याच संविधानात आदिवासी भागांसाठी पाचवी अनुसूची आहे, ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा त्यातूनच आलाय. वीस वर्षांच्या पोराने सनदशीर मार्गाने काही मागितलं आणि त्याला नक्षल म्हटलं तर त्याच्यापुढे दुसरा कोणता मार्ग ठेवतो आपण?

अजून एक, सरेंडर झालेल्याला परत बंदूक देऊन जंगलात पाठवायची पद्धत शेजारी छत्तीसगडात जोरात आहे, ती इथं वाढवू नका. ज्याच्या हातात आज पोलिसांची बंदूक आहे त्याला गाव उद्या जेवायला बसवेल असं वाटत असेल तर तुम्हाला कोणीतरी चुकीचं ब्रीफिंग दिलंय.

धानोरा तालुक्यात सुरू करून बघा, जिथे ग्रामसभा तयार आहेत अशी चार-पाच गावं निवडा, काम आदिवासी विकास विभागाकडे आणि ग्रामसभांकडे द्या, पोलीस फक्त सुरक्षेला, आणि वर्षाने जो रिपोर्ट येईल तो गोंडीत आणि मराठीत त्याच ग्रामसभांमध्ये वाचून दाखवा.

आपला,
गडचिरोली जिल्ह्यातला एक सेतूवाला