जमा रकमेवरून करनोटीस कशी?

महोदय,

यूपीआय व्यवहारांच्या आधारे छोट्या विक्रेत्यांची करतपासणी करावी, असे मांडणारा आपल्या अंकातील लेख वाचला. कर चुकवणाऱ्याला सोडू नये, हे मान्यच. पण खात्यात जमा झालेली रक्कम म्हणजे करपात्र विक्री नव्हे. २०२५ मध्ये कर्नाटकात याच पद्धतीने नोटिसा निघाल्या आणि त्यात भाजी-दूध विकणारेही सापडले. ताज्या भाजीवर जीएसटी नाही. केवळ करमुक्त माल विकणाऱ्याची उलाढाल ४० लाखांवर गेली तरी त्याला नोंदणी लागत नाही. उद्या कपिलतीर्थ मंडईतल्या एखाद्या मावशींना अशी नोटीस आली, तर एवढे सिद्ध करायलाच त्यांना करसल्लागार गाठावा लागेल. त्याची फी कोण देणार?

दुसरीकडे, ‘पक्के बिल हवे असेल तर जीएसटी पडेल’ असे सांगणारी मोठी दुकाने कोल्हापूरकरांना नवी नाहीत. तो रोखीचा धंदा संगणकाला दिसत नाही, म्हणून सुटतो. बेंगळुरूत तर नोटिसांनंतर काही विक्रेत्यांनी क्यूआर कोड काढून ‘फक्त रोख’ अशा पाट्या लावल्या. विभागाने आधी विक्रीचा माल कोणता ते विचारावे, मगच मागणीचा आकडा लिहावा.

– एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर