फाइल बाजूला ठेवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

समोर बसले की बोलणं व्यायामाकडेच वळतं आणि आभार मानायचे राहून जातात, म्हणून हे जाहीर पत्र.

मनगटाचं हाड केव्हाच जुळलं होतं, एक्स-रेमध्ये काही नव्हतं. तरी बाही नुसती घासली की हाताची आग आग व्हायची. 'आता काही नाहीये, मनावर घेऊ नका' हे ऐकून कान किटले होते. तुमच्याकडे आले तीही जाडजूड फाइल घेऊन, पुरावे द्यायच्या तयारीने. तुम्ही सूज, त्वचेचा रंग, बोटांची ताकद सगळं नीट तपासलंत, मग फाइल बाजूला सारून विचारलंत, "झोप कशी लागते?"

आणि म्हणालात, "दुखतंय ते खरंच आहे. पण दुखतंय म्हणजे आत काही मोडतंय, असं नाही."

ही दोन वाक्यं एकत्र मला कुणीच सांगितली नव्हती. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं मज्जासंस्थेचं होतं, हे तुम्ही समजावलंत. मज्जारज्जूतल्या पेशी अतिसंवेदनशील होऊन साध्या स्पर्शालाही वेदना म्हणून वर पाठवतात. वेदनेवर संशोधन करणाऱ्या क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ सालीच याचा पुरावा मांडला होता म्हणे. मला त्या सालाचा केवढा आधार वाटला! म्हणजे हे माझ्या डोक्यातलं खूळ नव्हतं.

सुरुवातीला तुम्ही हाताला हातच लावला नाहीत. फोटो दाखवून 'हा डावा की उजवा?' एवढंच ओळखायला लावलंत. (घरचे म्हणाले, यासाठी फी?) पुढे डोळे मिटून मनगट हलतंय अशी नुसती कल्पना, मग आरशात चांगल्या हाताचं प्रतिबिंब बघणं, मग कापूस, आणि कापूस सोसायला लागल्यावर खरखरीत टॉवेल. डोळे मिटून पेनाचं टोपण कुठे टेकलं ते सांगायचं, हा खेळ मला सर्वांत अवघड गेला. दोन बोटं अंतरावरच्या जागाही वेगळ्या कळत नव्हत्या.

पण खरे आभार आहेत ते चांगल्या दिवसांतल्या तुमच्या कडकपणाचे. हात हलका वाटला की सगळी कामं उरकून टाकावीशी वाटत. तुम्ही घड्याळ लावून दिलंत: ठरलेली मिनिटं झाली की थांबायचं, दुखत नसलं तरी. वाईट दिवशीही हात गुंडाळून बसायचं नाही, थोडं कमी करायचं, पण करायचंच. वाढ अगदी मुंगीच्या पावलांनी. याचा मला भारी राग यायचा, आणि तो तुम्हाला दिसायचाही.

दुखणं पूर्ण गेलेलं नाही. झोप मोडली, ताण वाढला की डोकं वर काढतं. तेव्हा काय करायचं ते तुमच्या अक्षरातल्या कागदावर आहे, आणि तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय.

दहापैकी किती दुखतंय, हे तुम्ही हळूहळू विचारायचंच सोडलंत. 'या आठवड्यात काय काय केलंत?' असं विचारू लागलात. तर या आठवड्यात मी कणीक मळली. दोन्ही हातांनी.

तुमची,
एक पेशंट