‘झिन चाओ’ नव्हे, ‘सिन चाव’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला व्हिएतनाम सहलीवरचा लेख वाचला. फोटो छान आहेत. शेवटच्या चौकटीतले ‘उपयोगी दहा शब्द’ वाचून मात्र राहवेना. नमस्काराला ‘झिन चाओ’ म्हणतात, असं छापलंय. त्यांच्या लिपीत तो शब्द ‘एक्स’नं सुरू होतो हे खरं, पण त्या एक्सचा उच्चार सरळ ‘स’ आहे. सिन चाव. इंग्रजीतला झायलोफोन मध्ये कडमडला असणार.

मी काही भाषातज्ज्ञ नाही. पूर्व भागातल्या एका शाळेत 31 वर्षं मराठी शिकवलं. वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं घरी तेलुगू बोलायची. परका शब्द आधी कानानं घ्यायचा, डोळ्यानं नंतर, हे त्या पोरांनीच मला शिकवलं. गेल्या नोव्हेंबरात आमच्या भिशीतल्या सात जणी व्हिएतनामला जाऊन आलो. त्याआधी दोन महिने मी रोज संध्याकाळी मोबाईलवर तिथल्या लोकांचं बोलणं ऐकून वहीत देवनागरीत उतरवून घेत होते. सहल कंपनीनं दिलेला रोमन अक्षरांचा कागद तिसऱ्या दिवशीच रद्दीत गेला.

त्याचं कारण सांगते. ती रोमन लिपी इंग्रजांची नव्हे, पोर्तुगीज वळणाची आहे. मिशनऱ्यांनी ती बसवली, आणि अलेक्झांडर द ऱ्होड्स या जेझुइट पंथाच्या मिशनऱ्यानं केलेला व्हिएतनामी-पोर्तुगीज-लॅटिन कोश 1651 मध्ये रोमला छापला गेला. फादर स्टीफन्सचं मराठी ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यात राचोलला असंच रोमन अक्षरांत छापलं होतं. ते इंग्रजी उच्चारांनी वाचलं तर आपल्या मराठीचं काय होईल, याचा विचार करा.

आपली वर्णमाला तिथं फार उपयोगी पडते. इंग्रजाला त आणि थ वेगळे काढता काढता घाम फुटतो, आपल्याला ते आयतेच येतात. ‘तोय’ म्हणजे मी, ‘थित्’ म्हणजे मांस. ख मात्र उर्दू ‘खबर’मधला, घासून. सोलापुरात राहणाऱ्याला तोही शिकवावा लागत नाही. आणि ङ! क, ख, ग, घ म्हणून झालं की मुलं जिथं हमखास अडखळायची आणि ‘वाङ्मय’ सोडलं तर ज्याला काही काम नाही, ते अक्षर तिथं शब्दाच्या सुरुवातीलाच बसलेलं असतं. त्यांचं सर्वांत जास्त आढळणारं आडनाव आपण ‘न्गुयेन’ छापतो, ते खरं ‘ङ्विएन’च्या जवळ आहे. हजाराला उत्तरेत ‘ङिन’ म्हणतात, पण बाजारात तो शब्दही गाळतात. नुसतं पन्नास म्हटलं की पन्नास हजार डोंग समजायचे.

देवनागरी थकते ती सुरांपाशी. हनोईकडच्या बोलीत सहा सूर आहेत, आणि सूर बदलला की शब्दाचा अर्थच बदलतो. मी वेदांच्या छापील प्रतींत असतात तशा अक्षरांच्या वर-खाली रेघा मारून घेतल्या होत्या. तरी फजिती व्हायची ती झालीच.

हनोईच्या जुन्या पेठेत फुटपाथवर एक बाई नूडल्सचं पातेलं घेऊन बसली होती. शाकाहारीला ‘चय’ म्हणतात. चाय नव्हे, चाय म्हणजे बाटली. मी विचारलं, ‘चय?’ आपण प्रश्न विचारताना शेवट वर नेतो, तसा मीही नेला. बाईनं दचकून आधी शेगडीकडे पाहिलं, मग मागच्या दाराकडे. सपाट सुरातला ‘चय’ शाकाहारी. तोच वर चढवला की ‘आग लागली’, आणि खाली दाबून तोडला की ‘पळ’! मैत्रीण मागून म्हणतेय, ‘अगं, काय बोलायलीस?’ शेवटी वही उघडून सावकाश वाचलं, ‘को दो चय खोङ्?’ को म्हणजे आहे, खोङ् म्हणजे नाही. आपलं ‘आहे का नाही?’ तसंच. प्रश्न शब्दांनीच होतो, शेवट वर न्यावा लागत नाही. बाई इतकी हसली की शेजारचे दुकानदार बघायला आले.

शाकाहारी वाचकांनी हा एकच शब्द पाठ केला तरी पुष्कळ झालं. भाजी दिसली तरी तिच्यात माशाचं पाणी, म्हणजे ‘नुअक मम’, असू शकतं. ‘चय’ म्हटलं की तेही चालत नाही, हे तिथल्या लोकांना ठाऊक असतं. पौर्णिमेला आणि चांद्रमासाच्या पहिल्या दिवशी तिथले कितीतरी बौद्ध चय खातात.

चौकटीतली खरी उणीव पुढेच आहे. ‘तुम्ही’साठी एकच शब्द दिलाय. तिथं तसं चालत नाही. समोरच्याशी नातं लावल्याशिवाय वाक्य पुढं सरकत नाही. ताईला ‘चि’, दादाला ‘आञ्’, धाकट्याला ‘एम’. वडिलांपेक्षा मोठा दिसला तर ‘बाक्’, लहान दिसला तर ‘चू’. आत्या, मावशी, मामा, सगळ्यांना वेगळे शब्द. इंग्रजाला हे जड जात असेल. पण मंगळवार बाजारात भाजीवालीला वय बघून अक्का, मावशी नाहीतर आजी म्हणणाऱ्या बाईला यात नवीन ते काय? नुसतं ‘काम अन’ म्हणण्यापेक्षा ‘काम अन चि’ म्हटलं, म्हणजे ‘आभार गं ताई’, की कोथिंबिरीची काडी जास्त पडते. हा अनुभव दोन्हीकडचा.

मोबाईलचं भाषांतर पुरे, असं लेखक म्हणतात. माझ्या मोबाईलनं सगळ्यांना एकाच तोलात ‘बान’ म्हटलं, म्हणजे ‘मित्रा’. माझ्या वयाची बाई सत्तरीच्या म्हातारीला ‘मित्रा’ म्हणते, हे बरं दिसतं का?

मला रेशमाच्या दुकानातली मुलगी सपाट सुरात ‘को’ म्हणाली, म्हणजे आत्या; मघाचा ‘आहे’वाला को वेगळा. मी दोन स्कार्फ जास्त घेतले. हॉटेलातला पोरगा मात्र पहिल्याच दिवशी ‘बा’ म्हणाला, सूर खाली सोडून. त्याचा अर्थ आजी. भिशीतल्या बायका अजून त्याच नावानं हाक मारतात.

पुढच्या वेळी अशी चौकट छापाल तेव्हा शब्द इंग्रजीवरून न उतरवता तिथल्या माणसाच्या तोंडून ऐकून छापावेत आणि सुरांसाठी वर-खाली बाण द्यावेत, ही विनंती. माझी वही हवी असेल तर नेऊन परत करावी, शेंगा चटणीचे डाग आहेत तेवढे चालवून घ्यावेत.

कळावे,
एक निवृत्त मराठी शिक्षिका, सोलापूर